देणगीदाराच्या स्मरणार्थ ब्रेल पाटी

अंधशाळेला सढळ हाताने मदत करणारे गेले, की त्यांची हार घातलेली तसबीर भिंतीवर लागते. मुलांना ती दिसणार कशी? शेजारी ब्रेल पाटी लावा.

मजकूर चार-पाच ओळींचाच: नाव, जन्म-मृत्यूची साले, नेमके काय केले ते. ‘थोर दानशूर’ वगैरे विशेषणे गाळा, जागा खातात. भारती ब्रेलमध्ये (भारतीय भाषांची ब्रेल लिपी; तिचे चिन्ह १ ते ६ क्रमांकांच्या टिंबांतून बनते) जोडाक्षरे सांभाळा: हलन्ताचे (पाय मोडल्याची खूण) ४ क्रमांकाचे टिंब जोडाक्षरातल्या पहिल्या व्यंजनाच्या आधी येते, क्ष, ज्ञ यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. सालाआधीचे अंकचिन्ह (टिंबे ३-४-५-६) राहून गेले, की आकड्यांची अक्षरे वाचली जातात.

टिंबाची उंची साधारण अर्धा मिलिमीटर, शेजारच्या दोन टिंबांच्या मध्यबिंदूंत अडीच मिलिमीटर अंतर. कारागीर हौसेने ब्रेल मोठे करतो, मग अक्षर बोटाखाली मावत नाही. नुसती छापलेली सपाट टिंबे तर निरुपयोगीच.

पाटी हाताच्या उंचीवर, जमिनीपासून १२० ते १५० सेंटिमीटरवर लावा. काचेआड नको, उन्हात धातूची नको, बोटे भाजतात. स्क्रू आवळण्याआधी ब्रेल जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. पाटी उलटी लागली तरी डोळसांच्या लक्षात येत नाही.