पॉक्सोच्या खटल्यात नव्याने उभ्या राहणाऱ्यांसाठी: सोलापूरच्या न्यायालयातील अनुभव

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम सुरू केले, तेव्हा बालकांवरील लैंगिक गुन्ह्यांचा खटला वैद्यकीय अहवालावरच टिकतो, अशी माझी समजूत होती. पीडित बालकाच्या कुटुंबाला पॉक्सो म्हणजे बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम ४० नुसार स्वतःचा वकील देता येतो आणि त्या नात्याने मी आजवर सरकारी वकिलांना साहाय्य करत आले. अंगावर जखम नाही म्हणून गुन्हा घडलाच नाही असे होत नाही, हे लवकरच कळले. मात्र बालकाचे वय आणि बालकाचे शब्द यांच्याकडे तपासात दुर्लक्ष झाले, तर पुढे ते भरून काढणे फार अवघड जाते.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक आहे. पण वयाचा प्रश्न तेवढ्यावर संपत नाही, कारण बारा वर्षांखालील बालकावरील प्रवेशी लैंगिक अत्याचार कलम ५ नुसार गंभीर स्वरूपाचा ठरतो आणि बालक सोळा वर्षांखालील असेल तर कलम ४ मधली त्या अत्याचाराची किमान शिक्षा दुप्पट होते. माझ्या सुरुवातीच्या एका खटल्यात तपास अधिकाऱ्यांनी फक्त शाळा सोडल्याचा दाखला जोडला होता. उलटतपासणीत वडील सरळपणे म्हणाले, "शाळेत घालताना गुरुजींनीच १ जून लावली." ते खरेच बोलत होते, आणि त्या एका वाक्याने वयाचा पुरावा डळमळीत झाला. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ९४ मध्ये क्रम स्पष्ट आहे: आधी शाळेचे जन्मतारखेचे किंवा दहावीच्या परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसल्यास महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांवरून वयाची तपासणी. शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रवेश नोंदवहीचा उतारा या कलमात बसत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ मध्ये सांगितले आहे.

तेव्हापासून मी आईला पहिला प्रश्न विचारते, "बाळंतपण कुठे झालं?" पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, आणि आपल्याकडच्या कितीतरी जणींचे माहेर इंडी, अफजलपूर, विजयपूरकडे असते. सोलापूर महानगरपालिकेत न सापडलेला दाखला कर्नाटकातल्या एखाद्या गावच्या नोंदीत कन्नडमध्ये सापडतो. तो मिळवणे, त्याचा अनुवाद करून घेणे आणि नोंद ठेवणाऱ्याला साक्षीसाठी बोलावणे यात वेळ जातो, म्हणून हे काम दोषारोपपत्राच्या आधीच व्हायला हवे.

दुसरी गोष्ट शब्दांची. कलम २६ सांगते की बालकाचा जबाब त्याने सांगितला तसाच नोंदवावा. सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगार आईची एक मुलगी घरात तेलुगू बोलणारी होती. जबाबात मात्र "अश्लील वर्तन केले" असे लिहिलेले होते, आणि बचाव पक्षाने त्यावर बोट ठेवताच तिला तो शब्दच कळेना. दुभाष्यामार्फत विचारल्यावर तिने फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळत, आईशी बोलावे तशा साध्या शब्दांत घडलेले सांगितले. न्यायाधीशांनी तो तेलुगू शब्द आणि त्याचा अर्थ, दोन्ही नोंदवून घेतले. साक्षीपूर्वी त्यांनी तिला शाळेविषयी विचारले होते आणि खोटे बोलल्यावर काय होते हेही. बारा वर्षांखालील बालकाला शपथ देणे आवश्यक नसते, मात्र प्रश्न समजून उत्तर देता येते की नाही हे न्यायालय पाहते.

साक्ष बंद दालनात होते, आरोपी बालकाच्या नजरेस पडणार नाही अशी व्यवस्था केली जाते आणि दोन्ही बाजूंचे प्रश्न न्यायाधीशांमार्फत जातात. ही साक्ष न्यायालयाने गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत नोंदवावी आणि उशीर झाल्यास त्याचे कारण लिहावे, असे कलम ३५ सांगते. आरोपीने उलट सिद्ध करेपर्यंत गुन्हा त्यानेच केला असे धरणारे कलम २९ चे गृहीतक नव्या वकिलांना फार मोठा आधार वाटते. मात्र वय आणि घटनेची मूलभूत वस्तुस्थिती सरकार पक्षाने आधी सिद्ध केल्यावरच ते लागू होते.

शिक्षेच्या युक्तिवादापूर्वी गुन्ह्याची तारीख पाहावी. १६ ऑगस्ट २०१९ पूर्वीच्या घटनेला कलम ४ खाली किमान सात आणि गंभीर अत्याचाराच्या शिक्षेच्या कलम ६ खाली किमान दहा वर्षे होती; त्या दिवसापासून ती अनुक्रमे दहा आणि वीस झाली, आणि बालक सोळा वर्षांखालील असल्यास कलम ४ खालीही वीस. नंतर वाढवलेली शिक्षा आधीच्या गुन्ह्याला लावता येत नाही. आरोपीचे तरुण वय किंवा घरची गरिबी दाखवून किमान शिक्षेखाली जाता येत नाही, म्हणून खरी झुंज कलम कोणते लागते यावरच होते, आणि त्यासाठी पुन्हा वयाचाच कागद लागतो. कलम ३३ खालील नुकसानभरपाईची मागणी त्याच सुनावणीत मांडावी.

निकालानंतर त्या मुलीच्या आईने विचारले, "आता परत बोलावतील का?" सोलापूरची अपिले १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचपुढे जातात. मी तिला सांगितले, की अपिलात सहसा मुलीला पुन्हा उभे करत नाहीत, त्या दिवशी लिहून घेतलेली साक्षच तिथे वाचली जाते.