ज्वालामुखी बेटांचा तळ सोनारनं मोजताना या चुका टाळा

मे महिन्यात नाथसागरावर, जायकवाडी धरणाच्या जलाशयात, आमचं मल्टीबीम सोनारचं (एकाच वेळी अनेक दिशांना आवाज सोडून प्रतिध्वनीवरून खोली मोजणाऱ्या यंत्राचं) पहिलं प्रात्यक्षिक होतं. स्क्रीनवर तळ पन्हळीसारखा दिसू लागला, मधे खोल आणि दोन्ही कडा वर. होडीवाले मामा म्हणाले, "इथं तर सपाट रानं व्हती." मामाच बरोबर होते. वरचं पाणी उन्हानं कोमट, खालचं गार. आम्ही मात्र पृष्ठभागाचाच ध्वनिवेग तळापर्यंत धरला होता. आवाजाचे तिरपे किरण थरागणिक वाकतात, म्हणून कडा उचलल्या गेल्या. अंदमानातल्या बॅरन या ज्वालामुखी बेटाभोवती हीच चूक सहज लपते, कारण तिथं सपाट असं फारसं काही नसतंच. वेगाची मोजणी सकाळी आणि दुपारी, दोन्ही वेळा घ्या. वेग एक टक्का चुकला तरी हजार मीटरवर खोली साधारण 10 मीटरनं चुकते.

दुसरी चूक मला जास्त खटकते: प्रतिध्वनी जोरकस, म्हणजे ताजा लाव्हा! आपल्याकडे विहीर खणताना काळी माती, मग मुरूम, मग पाषाण लागतो. तो पाषाणही लाव्हाच, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. समुद्रात लाव्हावर राखेचा, गाळाचा थर असतो. कमी वारंवारितेचा आवाज त्यातून काही मीटर खाली शिरतो, जास्त वारंवारितेचा वरच अडतो. त्यामुळं एकच लाव्हा एका नकाशात उजळ, दुसऱ्यात फिकट. शिवाय जहाजाकडे तोंड केलेला उतारही उगाच चमकतो. खडकाचा नमुना किंवा कॅमेऱ्याचं चित्र हाती येईपर्यंत नाव देऊ नका.

जहाज उताराला आडवं, समखोली रेषांना धरून चालवा. एका फेरीत मोजला जाणारा पट्टा उथळ पाण्यात अरुंद होतो, खोलात रुंद. उतारावर वर-खाली फिरलात तर किनाऱ्याजवळ फटी राहतात. खोलात तपशीलही घटतो: एक अंशाचा किरण 2000 मीटरवर सुमारे 35 मीटरचा ठिपका पाडतो, तिथं नकाशावर 10 मीटरच्या चौकटी आखणं ही नुसती सजावट.

बेटाला खेटून मोजणी आटोपू नका. 1980 च्या दशकात ग्लोरिया नावाच्या लांब पल्ल्याच्या सोनारनं हवाईभोवती प्रचंड दरडींचा ढिगारा दाखवला, काही तुकडे 200 किलोमीटरहून लांब.

आणि नकाशावर उंची किती पट ताणली ते लिहाच. पाच पट ताणली की 10 अंशांचा उतार सुमारे 41 अंशांचा दिसतो. आमच्यातल्या एकानं त्यावर 'कडा कोसळलेला' असं लिहूनही टाकलं होतं.