एसटीएम३२ची सुरुवात: पहिला एलईडी रजिस्टरमधून लावा

एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने २००७ मध्ये आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ या प्रोसेसर-गाभ्यावर आधारित एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचे छोटे संगणक) आणले. आज या कुटुंबात इतक्या मालिका आहेत की नवशिक्याचा पहिला आठवडा निवडीतच जाऊ शकतो. तो वाचवण्यासाठी न्यूक्लिओ-एफ४०१आरई हा बोर्ड घ्यावा, असे मी सुचवेन. प्रोग्राम चढवणारा आणि डीबग करणारा एसटी-लिंक त्याच्यावरच बसवलेला असल्याने यूएसबी केबलखेरीज काहीच लागत नाही. नावही वाचायला शिकावे: ‘एफ४’ ही मालिका, ‘आर’ म्हणजे ६४ पिना आणि ‘ई’ म्हणजे ५१२ किलोबाइट फ्लॅश, म्हणजे प्रोग्राम साठवणारी स्मृती.

संगणकावर एसटीएम३२क्यूब आयडीई (कोड लिहिण्याचे आणि चिपवर चढवण्याचे सॉफ्टवेअर) बसवावे आणि त्याबरोबर तीन दस्तऐवज उतरवून ठेवावेत. पिनांची मांडणी आणि विद्युत मर्यादा डेटाशीटमध्ये असतात, रजिस्टरांचे (ज्यांत किंमत लिहून चिपचे भाग चालवले जातात त्या छोट्या स्मृती-जागांचे) वर्णन संदर्भ-पुस्तिकेत (या चिपसाठी आरएम०३६८) असते आणि बोर्डावर कोणती पिन कशाला जोडली आहे हे बोर्डाच्या पुस्तिकेत असते. डेटाशीटमध्ये रजिस्टर शोधत बसणे ही सुरुवातीची अगदी नेहमीची चूक आहे.

या बोर्डावरचा हिरवा एलईडी पीए५ या पिनेला जोडलेला आहे. एचएएल या तयार लायब्ररीतून तो एका ओळीत लागतो. तरीही पहिल्यांदा तो थेट रजिस्टरांमधून लावावा, असा माझा आग्रह आहे, कारण या कुटुंबाचा स्वभाव त्यातूनच कळतो. रीसेटनंतर चिप १६ मेगाहर्ट्झच्या अंतर्गत ऑसिलेटरवर चालू होते, पण वीज वाचावी म्हणून बहुतेक पेरिफेरलांचे (पोर्ट, टायमर यांसारख्या चिपमधल्या जोड-भागांचे) क्लॉक, म्हणजे त्यांना चालवणारे ठोके, बंदच असते. क्लॉक नसलेल्या पोर्टच्या (पिनांच्या गटाच्या) रजिस्टरात काहीही लिहिले तरी ते टिकत नाही. कंपायलर तक्रार करत नाही, प्रोग्राम थांबत नाही, आणि एलईडी मात्र लागत नाही. म्हणून सर्वांत आधी आरसीसी या रीसेट आणि क्लॉक सांभाळणाऱ्या भागाच्या एएचबी१ईएनआर रजिस्टरातला शून्य क्रमांकाचा बिट १ करून पोर्ट ‘ए’ला क्लॉक द्यावे. पुढे टायमर, यूआर्ट (सीरियल संवादाचा भाग) किंवा एडीसी (व्होल्टेज मोजून आकडा देणारा भाग) गप्प बसले, तर पहिली शंका इथेच घ्यावी.

त्यानंतर पिनेचे काम ठरवणाऱ्या मोडर या रजिस्टरात पीए५ला आउटपुट करावे. प्रत्येक पिनेसाठी तिथे दोन बिट असतात. पाचव्या पिनेचे बिट १० आणि ११ असून त्यांत ०१ ही किंमत ठेवायची असते. आधी ते दोन बिट पुसावेत, मग हवी ती किंमत भरावी, आणि बाकीच्या बिटांना हात लावू नये. सगळे रजिस्टर एकदम लिहिले, तर पीए१३ आणि पीए१४ या डीबगच्या पिनांची मांडणीही बदलते आणि एसटी-लिंकचा चिपशी संपर्क तुटतो. असे झालेच तर चिप खराब झाली असे समजू नये: ‘कनेक्ट अंडर रीसेट’ हा पर्याय निवडून ती पुन्हा जोडता येते आणि चुकीचा प्रोग्राम पुसता येतो.

शेवटी पिना चालू-बंद करणाऱ्या बीएसआरआर रजिस्टरात ५ क्रमांकाच्या बिटात १ लिहिला की एलईडी लागतो, २१ क्रमांकाच्या बिटात लिहिला की विझतो. या रजिस्टरात शून्य लिहिलेल्या बिटांचा काहीच परिणाम होत नाही, त्यामुळे इंटरप्टच्या (चालू काम थांबवून मध्येच धावणाऱ्या कोडच्या) मध्येही एखादी पिन सुरक्षितपणे बदलता येते.

एवढे जमल्यावर एचएएलकडे खुशाल वळावे. तिथे आपला कोड आपोआप तयार होणाऱ्या फाइलीत आखून दिलेल्या ‘यूजर कोड बिगिन’ आणि ‘यूजर कोड एंड’ या टिपणांच्या मध्येच लिहावा. बाहेर लिहिलेला कोड पिनांची मांडणी बदलून फाइल पुन्हा तयार केली की पुसला जातो. पुढचा सराव म्हणून यूआर्ट२ घ्यावा. त्याच्या पीए२ आणि पीए३ या पिना एसटी-लिंकमार्फत संगणकाच्या सीरियल पोर्टशी आधीच जोडलेल्या असल्याने, एकही वायर न लावता प्रोग्राममधले आकडे पडद्यावर पाहता येतात.