घरापर्यंतच्या वाटेवरचा बर्फ: ट्रॅक्टरला कोणते अवजार जोडावे?

अवजार बघायला जाण्याआधी वाटेच्या दोन्ही कडांनी एकदा चालून या आणि काढलेला बर्फ ठेवणार कुठे, ते ठरवा. बर्फ कडेला सारणारे ब्लेड घ्यावे की तो उचलून लांब फेकणारा ब्लोअर, हा प्रश्न तिथेच निम्मा सुटतो. ट्रॅक्टरच्या एचपीचा विचार त्यानंतर.

हिशेब करून बघा. वाट ५० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि तिच्यावर २० सेंटिमीटर बर्फ, म्हणजे ३० घनमीटर. ताजा, कोरडा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला साधारण १०० किलो भरतो, तेव्हा हे झाले ३ टन. ओला, बसलेला बर्फ घनमीटरला ३०० किलोच्या घरात जातो. मग त्याच वाटेवर ९ टन पडलेले असतात. हे एका वेळचे. ब्लेड हा माल नुसता कडेला सारते. कडेला रास लागते, रात्रीत ती गोठून दगडासारखी होते आणि पुढच्या खेपेला ब्लेडला हलत नाही. दर बर्फवृष्टीला वाट थोडी थोडी आत सरकते आणि हिवाळा अर्ध्यावर असतानाच गाडी दोन भिंतींमधून काढावी लागते. जिथे वारा वाहतो तिथे आणखी एक पंचाईत होते: वाऱ्याने उडणारा बर्फ या राशीच्या आडोशाला येऊन पडतो, म्हणजे नेमका वाटेवर.

म्हणून दोन्ही बाजूंना वाटेच्या रुंदीइतकी मोकळी जागा असेल आणि बर्फ अधूनमधून वितळत असेल, तर ब्लेड पुरते. एका बाजूला भिंत किंवा कुंपण असेल, वाट खोलगट असेल, किंवा पडलेला बर्फ वसंतापर्यंत हलतच नसेल, तर ब्लोअरच हवा.

मागचे ब्लेड

शेत सपाट करायला लावतात तेच हे ब्लेड, थ्री-पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या तीन जोडांच्या उचलणीला जोडायचे. सगळ्यांत स्वस्त, मोडण्यासारखे भाग सगळ्यांत कमी. फक्त रुंदी निवडताना बहुतेकांची चूक होते. ब्लेड तिरके केले की त्याची कामाची रुंदी घटते. ६ फुटी, म्हणजे ७२ इंची ब्लेड ३० अंशांत वळवले की ६२ इंच साफ करते आणि ४५ अंशांत जेमतेम ५१ इंच. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरांची बाहेरून बाहेरपर्यंतची रुंदी ६० इंच असेल, तर ५ फुटी ब्लेड तिरके केल्यावर ५२ इंचांवर येते आणि एक टायर बर्फावरूनच चालत राहतो. टायरखाली दाबलेला बर्फ गोठून चिकटतो आणि मग तो कोणत्याच ब्लेडने खरवडून निघत नाही. तेव्हा टायरांची रुंदी टेपने मोजा आणि ३० अंशांत वळवल्यावरही तेवढी भरेल असेच ब्लेड घ्या. एका बाजूला सरकवता येणारे ब्लेड मिळाले तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. रास मागे ढकलताना ट्रॅक्टर वाटेवर ठेवून ब्लेडचे टोक बाहेर काढता येते.

गॅरेजच्या दारापुढचा बर्फ ओढून काढायला यासारखे दुसरे अवजार नाही. पण ते उलटे फिरवून ट्रॅक्टर मागे घेत रास जोरात ढकलू नका. थ्री-पॉइंटचे हात ओढण्यासाठी घडवलेले असतात. मागे ढकलताना गोठलेल्या राशीवर ब्लेडचे एक टोक आदळले की खालचा हात वाकतो, नाहीतर वरचा दांडा, म्हणजे टॉप लिंक. या ब्लेडला बहुधा धक्का झेलणारी स्प्रिंगही नसते, त्यामुळे झाकणे, फरशांच्या कडा, दगड असलेल्या वाटेवर चालण्याच्या वेगानेच काम करा.

पुढचे ब्लेड

पुढे बघत काम करता येते, बर्फावर टायर जाण्याआधीच तो साफ होतो, वेगही मिळतो. ते दोन ठिकाणी बसते. एक तर लोडरच्या (ट्रॅक्टरच्या पुढच्या, बकेट उचलणाऱ्या) हातांवर बकेट काढून, किंवा ट्रॅक्टरच्या चासीला बांधलेल्या वेगळ्या फ्रेमवर. लोडरवरचे ब्लेड उंच उचलता येते आणि रास रचता येते, हा मोठा फायदा. धोका असा, की लोडरचे हात वर-खाली उचलण्यासाठी आहेत, आडवा मार खाण्यासाठी नाहीत. तिरके ब्लेड वेगात गोठलेल्या ढेकळावर कोपऱ्याने आदळले की सगळा झटका एकाच हातावर येतो आणि हात पिळवटतात. म्हणून लोडरवर लावायचे ब्लेड स्प्रिंगचेच घ्या. स्प्रिंगचे दोन प्रकार असतात: एकात अडथळा लागला की संपूर्ण ब्लेड पुढे झुकते, दुसऱ्यात फक्त खालची धार मागे दुमडते. पहिल्यात झुकताना पुढचा बर्फ सांडतो. दुसऱ्यात तो जागेवर राहतो, पण धारेच्या वर लागलेला मार तसाच बसतो. उंचसखल वाटेवर आम्ही दुमडणारी धार पसंत करतो.

ब्लेड बसल्या जागेवरून डावी-उजवीकडे वळवायचे तर पुढे हायड्रॉलिकची एक जादा लाइन लागते. ती ट्रॅक्टरवर आहे का, हे ब्लेड घ्यायच्या आधी बघा. नंतर बसवायचे काम ब्लेडच्या खर्चात चांगली भर घालते. लोडरला फ्लोट असणेही तितकेच गरजेचे आहे. लिव्हर फ्लोटवर टाकले की ब्लेड स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउताराबरोबर चालते. फ्लोट सोडून हायड्रॉलिकने खाली दाबत गेलात तर पुढची चाके हलकी होतात आणि वळणावर स्टिअरिंग ऐकत नाही.

बकेट आणि बॉक्स

लोडर असेल तर बकेट आधीच आहे. वाट छोटी असेल, १५-२० मीटरची, तर तिनेच भागवा. रास उचलून दुसरीकडे टाकायला ती कधीही उपयोगीच. मात्र बकेटचे तोंड जमिनीकडे पूर्ण उलटे करून मागे ओढू नका. त्या अवस्थेत सिलेंडरचे रॉड पूर्ण बाहेर आलेले असतात आणि धार कुठे अडकली की ते वाकतात. बकेट जेमतेम पुढे झुकवा, फ्लोटवर टाका आणि सावकाश ओढा.

दोन्ही बाजूंना पत्रे असलेला बॉक्स मोठ्या मोकळ्या आवारासाठी आहे. लांब, अरुंद वाटेवर तो भरत जातो आणि बर्फ बाजूला सोडता येत नाही, सरळ शेवटपर्यंत न्यावा लागतो. घरच्या वाटेसाठी घेऊ नका.

ब्लोअर

बर्फ उचलून लांब फेकणारे अवजार हेच, त्यामुळे कडेची रास हा प्रकारच उरत नाही. ट्रॅक्टरवर बहुधा दोन टप्प्यांचा ब्लोअर येतो: पुढचा स्क्रू बर्फ मध्यावर आणतो आणि मागचा पंखा तो चिमणीतून फेकतो.

निवडताना पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या ट्रॅक्टरच्या शाफ्टचे एचपी बघायचे, इंजिनाचे नव्हे. ३० एचपीच्या छोट्या ट्रॅक्टरच्या पीटीओवर साधारण २४-२६ एचपी मिळतात. ढोबळ हिशेब असा, की ब्लोअरच्या दर फुटाला ५ पीटीओ एचपी. म्हणजे २५ एचपीवर ५ फुटी ब्लोअर. टायरांच्या रुंदीपेक्षा अरुंद तर चालणारच नाही, पण रुंद घेण्याचा मोहही नको. ताकद अपुरी पडली की जड बर्फात फेरे उतरतात, पंख्याचा वेग घटतो, बर्फ चिमणीबाहेर पडायच्या आत आतल्या बाजूला चिकटतो आणि चिमणी तुंबते. ओल्या बर्फात तुंबण्याचे कारण बहुतेक वेळा हेच: थ्रॉटल कमी ठेवून हळूहळू काम करणे. पीटीओ मिनिटाला पूर्ण ५४० फेऱ्यांवर ठेवा आणि चाकांचा वेग कमी करा. यासाठी हायड्रोस्टॅटिक ट्रॅक्टर उत्तम, कारण इंजिनाचे फेरे न बदलता पायाने वेग घटवता येतो. गिअरच्या ट्रॅक्टरला अगदी हळू चालणारा क्रीपर गिअर हवा, नाहीतर क्लच सतत दाबत बसावे लागेल. हंगामाआधी चिमणी आतून घासून वॅक्स किंवा सिलिकॉनचा हात मारला तर ओला बर्फ बराच सुटा राहतो.

मागे जोडायचा ब्लोअर स्वस्त आणि जोडायला सोपा, पण ट्रॅक्टर मागे घेत काम करायचे असते. अर्ध्या तासात मान भरून येते. वळून बसताना सीटवरचे वजन हलले की काही ट्रॅक्टरचे सुरक्षेचे स्विच पीटीओ किंवा इंजिन बंद पाडतात. हे स्विच तारेने जोडून निकामी करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. पुढच्या ब्लोअरला चासीवर फ्रेम आणि पोटाखालच्या किंवा पुढच्या पीटीओपासून जोडणी लागते. खर्च कितीतरी वाढतो. वाट शंभर मीटरच्या पुढे असेल आणि आठवड्यातून दोनदा काम पडत असेल, तर तो खर्च करावा असे आमचे मत आहे.

वजन विसरू नका. ५ फुटी मागचा ब्लोअर सहज २०० किलोच्या वर जातो. ट्रॅक्टरच्या पत्रकात उचलण्याच्या क्षमतेचे दोन आकडे असतात, हातांच्या टोकाशी आणि त्यामागे २४ इंचांवर. बघायचा तो दुसरा, कारण ब्लोअरचा भार मागे लोंबतो. पुढची चाके हलकी वाटत असतील तर लोडर काढू नका किंवा पुढे वजने लावा. थ्री-पॉइंट जोडणीच्या पिनाही मोजा, तिच्या मापांना श्रेणी म्हणतात: श्रेणी १ च्या खालच्या पिना ७/८ इंच जाड असतात, श्रेणी २ च्या १ १/८ इंच. श्रेणी १ चे अवजार मोठ्या ट्रॅक्टरला बुश घालून बसवता येते. उलट करता येत नाही.

आता शिअर बोल्ट. स्क्रूच्या शाफ्टमधून आरपार गेलेला बोटाएवढा बोल्ट, बघायला अगदी साधा. गोठलेला दगड किंवा वर्तमानपत्राचे भेंडोळे स्क्रूत अडकले की हा बोल्ट तुटतो, स्क्रू थांबतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तुटणे हेच त्याचे काम. पण ऐन बर्फात तो तुटला की हाताशी असेल तो कडक बोल्ट ठोकून लोक काम पुढे नेतात. मग पुढच्या दगडाला बोल्ट टिकतो आणि गिअरबॉक्सचे दात जातात. पुस्तिकेत दिलेल्या मापाचे आणि ग्रेडचेच सहा-आठ बोल्ट, नटांसह, ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवा. सोबत दोन पाने, एक हातोडा आणि तुटलेला तुकडा बाहेर काढायला पंच. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक बोल्ट काढून स्क्रू हाताने फिरतो का बघा, आणि शाफ्टला ग्रीस द्या. स्क्रू शाफ्टवर गंजून बसला असेल तर बोल्ट तुटूनही तो फिरतच राहतो आणि मार गिअरबॉक्सला बसतो.

चिमणी तुंबली तर पीटीओ बंद, ब्रेक, इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळे थांबेपर्यंत वाट, आणि मग काठीने मोकळे करा. हात घालू नका. इंजिन बंद असले तरी अडकलेल्या पंख्यात ताण शिल्लक असतो आणि अडथळा सुटताच तो झटक्याने फिरतो. बोटे जातात ती अशीच.

खडीची वाट

जमीन गोठलेली नसताना पहिल्याच बर्फाला पोलादी धार खडी उकरून गवतात टाकते. ब्लोअर तर ती खिडकीपर्यंत फेकतो. ब्लेड आणि ब्लोअरच्या खालचे घसरपट्टे असे लावा की धार जमिनीपासून इंच-दीड इंच वर राहील. पहिला थर दबून गोठू द्या. मग त्यावरून धार बिनघोर चालते. ब्लेडसाठी एक सोपा उपायही आहे: दीड-दोन इंची लोखंडी पाइपला लांबीभर चीर पाडून तो धारेवर चढवायचा आणि दोन्ही टोकांना बोल्टने पक्का करायचा. गोल कड खडीवरून घसरते, रुतत नाही. फरशी किंवा पेव्हर ब्लॉक असतील तर रबर किंवा युरेथेनची धार लावा. ती गोठलेला थर खरवडणार नाही, पण फरशीवर ओरखडाही उठणार नाही.

पकड

अवजार कितीही चांगले असो, चाके फिरत राहिली आणि ट्रॅक्टर जागीच राहिला तर उपयोग काय? रुंद गठ्ठ्यांचे औद्योगिक टायर बर्फाच्या काचेवर फार घसरतात. चारही चाकांना ताकद देणारा ट्रॅक्टर असला तरी चढाच्या वाटेवर मागच्या चाकांना साखळ्या लागतातच. साखळी घेण्याआधी टायर आणि मडगार्डमधले अंतर, तसेच आतल्या बाजूच्या हायड्रॉलिक नळ्या बघा. जागा कमी असेल तर चाके बाहेर सरकवणारे स्पेसर लावावे लागतात. साखळी बांधून दहा-पंधरा मिनिटे चालवा आणि पुन्हा आवळा, ती हमखास सैल होते. उतारावर चारही चाकांची जोडणी चालूच ठेवा, कारण बहुतेक छोट्या ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांनाच असतात.

पुढे ब्लेड असेल तर मागे वजन हवे. टायरांत पाणी भरायचे असेल तर ते न गोठणारे असू द्या: कॅल्शियम क्लोराइडचे द्रावण किंवा बीटचा रस. कॅल्शियम क्लोराइड स्वस्त आणि जड, पण ट्यूब नसेल तर रिम गंजवते. वॉल्व्ह वर ठेवून त्याच्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण पाऊण टायर भरा.

पहिल्या बर्फाआधी

पीटीओ शाफ्ट नवा असेल तर तसाच जोडू नका. अवजार वर-खाली करून शाफ्ट सगळ्यांत आखूड होतो तिथे दोन्ही नळ्यांना टोकाशी इंचभर मोकळीक आहे का बघा. नसेल तर दोन्ही नळ्या आणि त्यांची आवरणे सारखीच कापा. सगळ्यांत लांब होतो तिथे एक नळी दुसरीत निदान एक तृतीयांश तरी शिरलेली हवी. लांब राहिलेला शाफ्ट अवजार उचलताच ट्रॅक्टरचे बेअरिंग फोडतो, आखूड राहिलेला फिरता फिरता निसटतो.

वाटेच्या दोन्ही कडांना चार-साडेचार फुटी खुणेच्या काठ्या जमीन गोठण्याआधीच ठोका, वळणावर जास्त जवळ. झाकणे, नळ आणि फरशीच्या उठलेल्या कडांजवळ वेगळ्या रंगाच्या. पहिल्या दिवसापासून बर्फ या काठ्यांच्या फूट-दोन फूट पलीकडे सारा. डिसेंबरात रुंद ठेवलेली वाटच फेब्रुवारीत गाडीपुरती उरते.