कंडक्टिंगच्या मास्टर्ससाठी अमेरिकेत अर्ज: खरी मेहनत व्हिडिओवर घ्या

टोफेल, मार्कशीट, शिफारसपत्रं हे सगळं कुठल्याही मास्टर्ससारखंच असतं, त्यावर मी वेळ घालवत नाही. गेली काही वर्षं गोव्यातल्या, पुण्या-मुंबईतल्या मुलामुलींचे ऑर्केस्ट्रा कंडक्टिंगचे अर्ज मी बघतोय आणि जवळजवळ प्रत्येक जण एकाच ठिकाणी अडकतो, प्रीस्क्रीनिंगच्या (ऑडिशनला बोलावण्याआधीच्या चाळणीच्या) व्हिडिओवर.

आधी कॉलेज निवडा, पण नाव बघून नाही, शिकवणारा कोण आणि आठवड्याला पोडियमवर, म्हणजे ऑर्केस्ट्रासमोर उभं राहून कंडक्ट करायला, किती मिनिटं मिळणार ते बघून. बहुतेक ठिकाणी वर्षाला एक-दोन जणच घेतात. येल आणि कर्टिसला ट्यूशन फी नाही म्हणून सगळे तिकडेच धावतात, पण सरकारी युनिव्हर्सिट्यांमध्ये असिस्टंटशिप (शिकता शिकता विभागात करायचं काम) मिळाली तर फी माफ होऊन वर स्टायपेंड मिळू शकतो, ते नक्की विचारा. अर्जाची शेवटची तारीख बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबर असते, म्हणजे व्हिडिओ ऑक्टोबरमध्येच तयार पाहिजे.

आता व्हिडिओ. यूट्यूबवरचं रेकॉर्डिंग लावून त्यावर हात हलवलेला व्हिडिओ पाठवू नका, कोणी कितीही सांगू दे. कॅमेरा वादकांच्या मागे लावा, तुमचा चेहरा आणि दोन्ही हात दिसले पाहिजेत. मी पहिल्या वर्षी हॉलमधून शूट केलं, पंधरा मिनिटं माझी फक्त पाठ दिसत होती, तिन्ही कॉलेजांनी नकार दिला आणि अख्खं वर्ष गेलं.

पूर्ण ऑर्केस्ट्रा मिळत नाही म्हणून रडत बसू नका. दुसऱ्या वर्षी मडगावात एका शाळेच्या हॉलमध्ये मी नऊ जण जमवले आणि बेथोव्हेनच्या पहिल्या सिंफनीची सुरुवात घेतली. (पंखे बंद करा, नाहीतर रेकॉर्डिंगमध्ये घरघर येते.) ओबो मिळाला नाही, ती ओळ व्हायोलिनला दिली. त्या स्कोअरमध्ये (सगळ्या वाद्यांच्या ओळी एकत्र असलेल्या स्वरलिपीत) क्लॅरिनेट सी मध्ये आहे आणि आपल्याकडे सगळ्यांकडे बी फ्लॅट असते, जी लिहिल्यापेक्षा एक टोन खाली वाजते, तेव्हा पार्ट एक टोन वर लिहून द्या, ऐनवेळी वादकाच्या गळ्यात मारू नका.

आणि पहिल्याच कॉर्डला माझी गाडी अडकली. तिथे विंड्स (फुंकून वाजवायची वाद्यं) लांब स्वर धरतात आणि स्ट्रिंग्ज (तंतुवाद्यं) पिझिकातो, म्हणजे बोटाने तार छेडून, वाजवतात. तार छेडली की आवाज लगेच येतो, विंड्सना मात्र आधी श्वास लागतो. मी क्रॉचेटचा, म्हणजे दोन क्वेव्हरइतका लांब, मोठा अपबीट (सुरुवातीआधीचा तयारीचा इशारा) देत होतो आणि प्रत्येक वेळी पिझिकातो आधी, विंड्स नंतर, सगळा विस्कोट. वादकांवर चिडलोसुद्धा, ती माझी चूक होती. बेथोव्हेनने त्या अदाजिओला (संथ सुरुवातीला) क्वेव्हर = ८८, म्हणजे मिनिटाला ८८ क्वेव्हर, लिहिलंय, मग अपबीटही एका क्वेव्हरचाच हवा, त्याच वेगात, आणि त्यावर तुम्ही स्वतः श्वास घ्यायचा, नजर विंड्सकडे. घरी आरशासमोर हात न हलवता नुसता श्वास घेऊन बघा, तेवढ्यावर समोरच्याला लय कळली पाहिजे. कळत नसेल तर बॅटन (कंडक्टरची छडी) उचलू नका.

मग मी थांबलो, "विंड्स, माझ्याबरोबर श्वास घ्या" एवढंच म्हटलं आणि पुढच्या वेळी कॉर्ड एकत्र आली. ती बिघडलेली कॉर्ड, ते थांबणं, सगळं व्हिडिओत तसंच ठेवलं. ऑडिशनला प्रोफेसरांनी विचारलं ते त्याच चाळीस सेकंदांबद्दल. म्हणून रिहर्सलचा भाग कापून फक्त गुळगुळीत परफॉर्मन्स पाठवायचा सल्ला मला अजिबात पटत नाही, तुमचे कान काय ऐकतात तेच त्यांना बघायचं असतं.

लाइव्ह ऑडिशन साधारण जानेवारी ते मार्चमध्ये. बरेचदा समोर दोन पियानो किंवा छोटा ऑर्केस्ट्रा, शिवाय पियानोवर स्कोअर वाचणं आणि चुकीचा स्वर ओळखणं. आल्टो आणि टेनर क्लेफ (व्हायोला, चेलोसारख्या वाद्यांच्या स्वरलिपीतल्या खुणा) वाचायचा सराव रोज अर्धा तास, सहा महिने, याला शॉर्टकट नाही.

प्रवेश मिळाला की पोडियम फार कमी मिळतो, त्याची मनाची तयारी ठेवा. बाकीचा वेळ दुसऱ्यांच्या रिहर्सलना स्कोअर घेऊन बसा, वाद्य वाजवा, कॉयरमध्ये गा. आपले मुंबईचे झुबिन मेहता व्हिएन्नात शिकताना इटालियन कंडक्टर क्लाउडिओ अब्बादोबरोबर कॉयरमध्ये गायचे ते मोठ्या कंडक्टरांच्या रिहर्सल आतून बघायला मिळाव्यात म्हणूनच. आणि पोडियमवरची तुमची वीस मिनिटं रेकॉर्ड करून त्याच रात्री बघा, एकदा आवाज बंद करून आणि एकदा नुसता आवाज ऐकून, पुढच्या आठवड्याची यादी त्यातूनच निघते.