साठ पोरांच्या वर्गात विज्ञानाचा प्रॅक्टिकल कसा घ्यायचा, गोंधळ न होऊ देता

विज्ञानाच्या तासाला आवाज होणारच, तो होऊ द्या. चार पोट्टे परीक्षानळीवर वाकून आपसात बोलून राहिले असतील तर तो अभ्यासच चालू आहे. खरा गोंधळ दोनच जागी सुरू होतो, एक तर हातात साहित्य आलं पण करायचं काय ते माहीत नाही, नाहीतर करायचं माहीत आहे पण हाताला कामच नाही. या दोन जागा आधी बुजवल्या की ५०-६० चा वर्ग असला तरी ओरडायची वेळ फार कमी येते.

आदल्या दिवशी

प्रयोग स्वतः करून बघा, अन् तोही कपाटातल्या त्याच बाटलीतलं रसायन घेऊन, कारण जुनं झालेलं रसायन ऐनवेळी दगा देतं अन् प्रयोग फसला की वर्ग हातचा गेलाच. तुम्हाला ५ मिनिटं लागली तर पोरांना १५ धरा. मग गटागणिक एक ट्रे भरा, ट्रे नसेल तर मिठाईचा रिकामा खोका चालतो, आणि आत एक चिठ्ठी टाका: परीक्षानळ्या ४, ड्रॉपर १, लिटमस ६. परत घेताना ही चिठ्ठीच कामी येते.

गट अन् कामं

चार-पाच जणांचा गट, तोही तुम्हीच पाडायचा. प्रत्येकाला एक काम द्या: एक जण साहित्य आणणार, एक करणार, एक लिहिणार, एक वेळ बघणार अन् शेवटी सफाई करून घेणार. ही कामं दर प्रॅक्टिकलला फिरलीच पाहिजेत, हे मी जरा जोर देऊन सांगतो, कारण सोडून दिलं तर काय होतं ते कोणत्याही लॅबमध्ये बघा, पोरं परीक्षानळी धरून बसतात आणि पोरींच्या हातात वही येते, कारण त्यांचं अक्षर चांगलं म्हणे! वर्षभर एका मुलीनं स्पिरिट लॅम्प पेटवलाच नाही तर ती विज्ञान शिकली असं कसं म्हणायचं? कोणाची पाळी कोणती ते कागदावर लिहून भिंतीला लावा, म्हणजे भांडणंही होत नाहीत.

आधी सूचना, मग साहित्य

ही एक गोष्ट पाळली तरी अर्धं काम झालं. ट्रे समोर आला की पोरगं तुमच्याकडे बघणार नाही, काहून बघेल? म्हणून ट्रे मागच्या टेबलावरच राहू द्या, फळ्यावर तीन-चार ओळीत कृती लिहा, एखाद्याला उठवून त्याच्या शब्दात सांगायला लावा, शेवटच्या बाकावरच्याला विचारलं तर अजून चांगलं, आणि मग फक्त साहित्य आणणाऱ्यांनी उठायचं.

मध्येच थांबवायचं असेल तर आवाजावर विसंबू नका. आपल्याकडे पंखे गरगरत असतात, कुठं कुलर लावलेला असतो, मागच्या बाकापर्यंत काही पोचत नाही. हात वर करा, ज्याला दिसला त्यानं हातातलं खाली ठेवून स्वतःचाही हात वर करायचा. शाळा उघडल्यावर पहिल्या आठवड्यातच, साहित्य न देता, हे दोन-तीनदा करून घ्या.

जाळ, ॲसिड अन् नागपूरचं ऊन

स्पिरिट लॅम्प पेटवायचा तर पंखा बंद करावा लागतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये पंखा बंद म्हणजे पोरांचं लक्ष प्रयोगातून गेलंच. म्हणून जाळाचे प्रयोग नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकून घ्या, धडा पुढंमागं झाला तरी चालेल, आणि उन्हाळ्यात सकाळची शाळा लागली की भिंग, आरसे, चुंबक घ्या. भिंगातून सूर्याकडे बघायचं नाही हे दरवेळी सांगायचं.

ओढणी खोचलेली, केस बांधलेले. लॅम्प फुंकून नाही, टोपण ठेवून विझवायचा, अन् पेटत्या लॅम्पात स्पिरिट कधीच ओतायचं नाही. ॲसिड पाण्यात टाकायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही, आणि तीव्र ॲसिडला हात फक्त शिक्षकांचा. भाजलं तर २० मिनिटं गार वाहतं पाणी, टूथपेस्ट वगैरे काही नाही. डोळ्यात रसायन उडालं तर लगेच साध्या पाण्यानं किमान १५ मिनिटं धुवायचं अन् डॉक्टरकडे न्यायचं. पण आपल्याकडे एप्रिलच्या दुपारी टाकीच्या नळाला चटका बसेल असं पाणी येतं, त्यामुळे साध्या पाण्याच्या एक-दोन झाकलेल्या बादल्या सावलीत भरून ठेवाच, सोबत ओतायला मग्गा.

लॅब नसेल तर

हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या करा, साबणाच्या पाण्यानं लाल होतात, वरून संत्र्याचा रस टाकला की परत पिवळ्या. प्रत्येकाच्या हातात पट्टी, म्हणजे टेबलाभोवती गर्दीच नाही. आंबिया बहाराची संत्री आली की सालीचा फवारा फुगलेल्या फुग्यावर मारून दाखवा, सालीच्या तेलातलं लिमोनीन रबर विरघळवतं अन् फुगा फुटतो. हे तासाच्या शेवटीच करा, कारण त्यानंतर वर्ग शांत बसत नाही, आणि जाळाजवळ नको, ते तेल पेट घेतं.

प्रश्न विचारून थांबा

मेरी बड रोव या अमेरिकन संशोधिकेनं १९७० च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम १ सेकंद थांबतात, तेच ३ सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात आणि गप्प बसणारी पोरंही बोलतात. मनात तीन अंक मोजा, एवढंच.

घंटेच्या १० मिनिटं आधी

सगळं बंद, लॅम्प विझलेत का बघा, ट्रे चिठ्ठीप्रमाणे मोजून परत, मग निरीक्षण तिथंच जर्नलमध्ये. दहावीला विज्ञानाचे २० मार्क प्रॅक्टिकलचे आहेत, आणि घरी जाऊन एकमेकांचं बघून उतरवलेलं जर्नल तोंडी प्रश्न आला की लगेच उघडं पडतं.

आणि जो पोरगा दर तासाला मस्ती करतो त्याला बाहेर उभं करू नका. साहित्याशी खेळला तर त्या दिवशी त्याचं करायचं काम काढून लिहायचं द्या, गटातच बसू द्या, अन् पुढच्या प्रॅक्टिकलला त्यालाच ट्रे भरायला बोलवा.