खानदेशात फिरायचं तर आधी बाजाराचा वार विचारा

"तुमच्याकडे खानदेशात बघण्यासारखं काय आहे गं?" हे पुण्यात ऑफिसात कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याला शेवभाजी माहीत असते, मे महिन्यातलं ऊन माहीत असतं आणि अजिंठा माहीत असतो (जो खानदेशात नाहीच मुळी, जळगावहून जायला सोयीचा आहे एवढंच). मी धुळ्याची, आणि गेली काही वर्षं दिवाळीला माहेरी गेले की आईला सोबत घेऊन दोन-तीन दिवस अशीच आडगावं फिरते, त्यातून जे कळलं ते सांगते.

पहिली गोष्ट म्हणजे पॉइंटची यादी करून येऊ नका. किल्ला, देऊळ, धबधबा, फोटो, पुढे चला, असं केलं तर खानदेश तुम्हाला दोन तासात "काहीच नव्हतं" वाटेल, कारण इथले किल्ले ढासळलेले आहेत, पाट्या धड नाहीत आणि गाईड तर नाहीच नाही. ही सगळी जुनी गावं व्यापारी वाटेवरची, सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे नाहीतर दख्खनेतून वर माळव्यात जाणाऱ्या. बाजार होता म्हणून गाव होतं आणि गाव होतं म्हणून गढी. म्हणून माझा नियम एकच, ज्या गावाला जायचं त्याचा आठवडी बाजार कोणत्या वारी असतो ते आधी विचारायचं आणि त्याच वारी जायचं. विचारायचं पण नेटवर नाही, एसटी स्टँडवर कंडक्टरला नाहीतर भाजीवालीला. मी एकदा नेटवर वाचून मोठ्या उत्साहाने गेले तर बाजार आदल्या दिवशीच होऊन गेलेला, मैदानात कांद्याची सालं आणि दोन कुत्री, आई जे काही बोलली ते लिहित नाही.

कधी यायचं? दसऱ्यानंतर ते फेब्रुवारी. मार्चपासून ऊन चढतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ वर असतो, तेव्हा दुपारी १२ ते ४ दगडी बुरुजावर चढणं म्हणजे हौस नाही, खुळेपणा आहे. पाटणादेवी आणि तोरणमाळ तेवढे पावसाळ्यात भारी दिसतात, पण पाटणादेवीला जळवा-बिळवा नसल्या तरी घसरडं खूप, चांगले बूट पाहिजेत.

राहायला रोज नवं गाव शोधत बसू नका, एक मोठं गाव धरा आणि तिथून सकाळी निघून संध्याकाळी परत या. पाटणसाठी चाळीसगाव, लळिंग-सोनगीर-थाळनेरसाठी धुळे किंवा शिरपूर, प्रकाशा-तोरणमाळसाठी शहादा. ट्रेनने येत असाल तर भुसावळ-सुरत लाइन वापरा, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार सगळं तिच्यावरच आहे. गाडी असेल तर उत्तमच, पण मी म्हणेन निदान एक दिवस तरी एसटीने फिरा, बायकांना अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, शिवाय एसटीत शेजारी बसलेली बाई तुम्हाला जेवढं सांगते तेवढं कुठलं अ‍ॅप सांगत नाही.

आता बाजाराचं एवढं काय घेऊन बसलीये म्हणाल तर पाटणला जाऊन बघा. चाळीसगावहून साधारण १८ किमी, गौताळा अभयारण्याच्या कुशीत. लोक पाटणादेवीचं दर्शन घेतात, केदारकुंडाकडे फोटो काढतात आणि परत जातात. पण इथे एक शिलालेख सापडलाय, शके ११२८ चा म्हणजे १२०६ च्या सुमाराचा, भाऊ दाजी लाडांनी १८६५ मध्ये तो उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्याने आजोबांचे ग्रंथ शिकवायला इथे मठ काढला त्याची ही नोंद (मुक्ताईचे ते चांगदेव वेगळे बरं का). वरचा भाग संस्कृतात आहे, आणि शेवट चक्क जुन्या मराठीत! त्यात लिहिलंय काय, तर या पाटणात जो माल विकायला येईल त्यावर जी काही वसुली होते ती मठाला द्यायची. म्हणजे गणिताची शाळा बाजाराच्या पैशावर चालणार होती. आज जिथे माकडं आणि नारळाची दोन-चार दुकानं आहेत तिथे ८०० वर्षांपूर्वी हिशोब करावा लागेल एवढा बाजार भरत होता, हे डोक्यात ठेवून ती जागा बघा, मग बघा कशी वेगळी दिसते. अक्षरांवर पाणी टाकून, खडू घासून फोटो काढायचा शहाणपणा मात्र करू नका.

पाटणहून जंगलातून पितळखोऱ्याच्या लेण्यांना पायवाट आहे, पण वाटाड्या आणि वनखात्याची परवानगी असेल तरच, नाहीतर कन्नड घाट चढून वरच्या बाजूने गाडीने जा. लेणी इसवीसनापूर्वीची, दगडी हत्तींची रांग आहे, आणि तिथे मिळालेल्या एका यक्षाच्या हातावर कारागिराने स्वतःचं नाव कोरून ठेवलंय, कान्हदास म्हणून, धंद्याने सोनार. तो यक्ष आता दिल्लीच्या म्युझियममध्ये आहे. आणि त्या घाटाला औट्रम घाट म्हणतात ते जेम्स औट्रम साहेबावरून, ज्याने १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी केली, आमच्याकडे त्याचं इतकं मराठीकरण झालंय की मला लहानपणी ते एखाद्या ऋषीचं नाव वाटायचं.

दुसरी ट्रिप धुळ्याहून. लळिंगचा किल्ला आग्रा रोडवरच आहे, सकाळी ७ ला चढायला लागा, ९ ला खाली. मग धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ बघा, इतिहासाचार्य राजवाडे १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच गेले आणि पुढच्याच महिन्यात लोकांनी हे मंडळ सुरू केलं. जायच्या आधी चालू-बंद विचारून घ्या.

मग सोनगीर, धुळ्याहून शिरपूरकडे २० किमीवर. किल्ला छोटा आहे, वर विहीर आहे, अर्ध्या तासात होतो. खरं सोनगीर खाली गल्लीत आहे, तांब्या-पितळेची भांडी घडवणारे तांबट. लांबूनच ठोक्यांचा आवाज येतो. मी एका घरापुढे उभी राहिले तर बाबांनी आधी बसायला गोणपाट सरकवलं, मग काम दाखवलं. हंडा लोखंडी दांड्यावर अडकवून हाताने थोडा थोडा फिरवत राहायचा आणि हातोडी एकाच जागी पडत राहायची, हातोडी हलत नाही, हंडा फिरतो, त्यामुळे ठोक्यांच्या गोल रांगा माशाच्या खवल्यासारख्या बसत जातात. मी विचारलं मशीनचा आणि हातचा तांब्या ओळखायचा कसा, तर त्यांनी दोन तांबे घेऊन नखाने टिचकी मारली, एक वाजला, दुसरा नुसता टक् करून गप्प. "वाजस तो हातना," एवढंच म्हणाले. मी वाजणारा घेतला. इथे भाव वजनावर असतो, फार घासाघीस करू नका, तांब्याचा भाव त्यांच्या हातात नाही.

सोनगीरहून शिरपूर आणि तिथून थाळनेर, तापीच्या काठावर. मला विचाराल तर एकच गाव बघायचं असेल तर हे बघा. फारुकी सुलतानांची ही सुरुवातीची राजधानी, पुढे त्यांनी बुऱ्हाणपूर वसवलं आणि अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतला तेव्हा त्यांचं राज्य संपलं. अकबराने तर मुलगा दानियालच्या नावाने खानदेशाचं दानदेश करून टाकलं होतं, टिकलं नाही ते नशीब. फारुकींच्या कबरी गावाबाहेर आहेत, त्यातली अष्टकोनी जी आहे तिच्यावरचं कोरीव काम संध्याकाळच्या तिरप्या उन्हात बघा, दुपारी सपाट दिसतं. किल्ल्याचं आता फारसं उरलेलं नाही, पण नदीच्या बाजूला उभं राहून १८१८ आठवा. जानेवारीत मंदसोरच्या तहाने होळकरांनी खानदेश इंग्रजांना देऊन टाकला, पण थाळनेरच्या किल्लेदाराने दरवाजा उघडला नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉप आला, तोफा चालल्या, शरण येतोय की नाही या गोंधळात दारातच दोन इंग्रज अधिकारी मारले गेले, मग आतली जवळजवळ सगळी शिबंदी कापली आणि किल्लेदार तुळशीराम मामा यांना फाशी दिलं. यावर तिकडे ब्रिटिश संसदेतसुद्धा बोलणं झालं. आणि गावात कोणाला थाळनेरबद्दल विचारा, आधी सांगतील लतादीदींचं आजोळ हेच!

थाळनेरला एका ओट्यावरच्या आजीने मला विचारलं, "कोनी पोर शे व माय तू? कथाईन उनी?" (कोणाची पोर गं तू, कुठून आलीस?) आईने उत्तर दिलं आणि पंधरा मिनिटांत कोणाचं तरी लग्न दोघींच्या ओळखीचं निघालं. अहिराणी, म्हणजे ही आमची बोली, येत नसेल तरी चालतं, मराठी सगळ्यांना कळते, पण हे विचारणं चौकशी नाही हो, आमच्याकडचा नमस्कारच आहे तो. नीट उत्तर द्या, गाव सांगा, पाणी दिलं तर प्या. कॅमेरा त्याच्यानंतर.

जेवण बाजाराच्या गावीच करा. शेवभाजी सांगताना "तिखट कमी" आधी सांगा, नंतर काही होत नाही. हिवाळ्यात वांग्याचं भरीत आणि कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेली) भाकरी मिळाली तर बाकी काही मागवू नका. भरीत चांगलं कुठलं, तर जिथे वांगी काड्यांवर भाजतात तिथलं, गॅसवरचं नको.

प्रकाशा, तापी-गोमाईचा संगम, शहाद्याजवळ. केदारेश्वराचं देऊळ, घाट, तासभर पुरतो. दत्तजयंतीच्या सुमारास आलात तर जवळच सारंगखेड्याचा घोड्यांचा बाजार चुकवू नका, पण तेव्हा राहायला जागा मिळणं अवघड.

तोरणमाळ शहाद्याहून ५५ किमीच्या आसपास, सातपुड्यात साधारण ११५० मीटरवर. सात पायरीचा घाट आहे, वळणं खतरनाक, अंधारात चढू नका. वर यशवंत तलाव, सीता खाई, गोरखनाथाचं देऊळ, महाशिवरात्रीला मोठी यात्रा. पण आजूबाजूचे पाडे भिल्ल आणि पावरा लोकांचे आहेत, ती शोभेची वस्ती नाही, घराच्या अंगणात विचारल्याशिवाय शिरू नका, बायका-पोरांचे फोटो तर नाहीच. पेट्रोल शहाद्यालाच फुल करा आणि सुटे पैसे जवळ ठेवा. आम्ही दोन्ही केलं नव्हतं. टपरीवर दोन चहा, दोन भजी झाल्यावर फोन काढला तर रेंजच नाही, पर्समध्ये ५०० ची एकच नोट, टपरीवाल्या दादाकडे सुटे नाहीत. तो म्हणाला उद्या उतरताना द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर टपरी बंद, दादा बाजाराला गेलेले. शेजारच्या घरी पैसे ठेवून आलो, त्या ताईंनी मोजलेसुद्धा नाहीत, फक्त आईला विचारलं, बाजारला नाही का जात तुम्ही?